जर्मन भूतकाळाची किल्ली आपल्या ‘ने’मध्ये

सोमवारचा जर्मनचा तास. तुम्ही पेणहून मोबाइलवर लॉगिन करा नाहीतर रोह्याहून गाडी पकडून पनवेलच्या क्लासला जा, पहिला प्रश्न ठरलेलाच: ‘वास हाबन झी आम वोखनएंडे गेमाख्ट?’ वीकेंडला काय केलंत? तुम्ही रोह्याला मामाकडे गेला होतात. मनात आधी इंग्लिश जुळतं, ‘आय हॅव गॉन’, त्यावरून जर्मन होतं आणि तोंडातून निघतं, ‘इश् हाबे नाख रोहा गेफारन’. चूक! ‘हाबे’ नाही, ‘बिन’.

हा ‘परफेक्ट’ नावाचा काळ ए-१ च्या शेवटी येतो आणि मग पिच्छा सोडत नाही. कारण जर्मन माणूस बोलताना भूतकाळ बहुतेक याच काळात सांगतो. ‘होतो’साठी ‘वार’, ‘माझ्याकडे होतं’साठी ‘हाटे’ असे थोडे अपवाद सोडले, तर काल केलेलं सगळं परफेक्टमध्ये. इथेच इंग्लिश आपल्याला फसवतं. इंग्लिशमध्ये ‘आय हॅव गॉन’ला ‘यस्टरडे’ जोडता येत नाही. जर्मनमध्ये ‘गेस्टर्न’ म्हणजे ‘काल’ बिनधास्त जोडतात.

रचना दोन तुकड्यांची. पहिला मदतीला येणारा, ‘हाबन’ किंवा ‘झाइन’ (‘बिन’, ‘इस्ट’ ही त्याचीच रूपं). दुसरा मूळ क्रियापदाचा, तो वाक्याच्या शेवटी. बहुतेक क्रियापदांना पुढे ‘गे’ आणि मागे ‘ट’ लागतो: लेर्नन, गेलेर्न्ट. काहींचं रूपच बदलतं: श्राइबन, गेश्रीबन. ही पाठच करायची. तक्रार करण्यापूर्वी ‘कर’चं ‘केलं’ आणि ‘जा’चं ‘गेला’ आठवा; मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाची काय हालत होत असेल! ‘आन्कोमन’मध्ये ‘गे’ मध्येच घुसतो, ‘आन्गेकोमन’. ‘फेरश्टेहन’ला तो लागतच नाही, ‘फेरश्टांडन’.

पण वर्ग अडखळतो तो ‘हाबन की झाइन’ इथे. इंग्लिशकडे याचं उत्तर नाही, कारण तिथे सगळीकडे ‘हॅव’. आपल्याकडे मात्र आहे. वाक्य मराठीत म्हणा आणि ‘तो’ला ‘ने’ लागतो का ते बघा. त्याने तिकीट काढलं, त्याने चहा घेतला: ‘ने’ आला, म्हणजे ‘हाबन’. तो उठला, तो निघाला, तो पोचला: ‘ने’ नाही, तर ‘झाइन’ची शक्यता. मामाकडे तो गेला, ‘त्याने गेला’ कुणी म्हणत नाही, म्हणून ‘बिन’.

सगळ्यात मजा टपरीवरच्या ग्लासाची. त्याने ग्लास फोडला: ‘एर हाट डास ग्लास त्सेरब्रोखन’. ग्लास फुटला: ‘डास ग्लास इस्ट त्सेरब्रोखन’. जर्मनचा शेवटचा शब्द तोच, पण दोष कुणावर येतो ते ‘हाट’ आणि ‘इस्ट’ ठरवतात. फोडणं आणि फुटणं यांतला फरक आपण पहिला कप फुटला तेव्हाच शिकलो (अर्थात घरी आपण कायम ‘फुटला’च सांगितलं). गाडीचंही तसंच. त्याने गाडी चालवली तर ‘हाट गेफारन’, तो गाडीने गेला तर ‘इस्ट गेफारन’. इथे गाडीला लागलेला ‘ने’ मोजायचा नाही, फक्त करणाऱ्याचा.

कसोटी ‘तो’ किंवा ‘ती’वरच घ्या, ‘मी’वर नको. ‘मी खाल्लं’ आणि ‘मी गेलो’ दोन्हीत ‘ने’ दिसत नाही. घरी तुम्ही ‘त्यानी’ म्हणत असाल तरी चालेल, काम तेच.

आता भोकं. ‘ने’ नसला की लगेच ‘झाइन’ लावू नका. तो जेवला, तो हसला, तो झोपला, ती जर्मन शिकली: मराठीत ‘ने’ नाही, जर्मनमध्ये मात्र ‘हाबन’. म्हणून ‘ने’ नसेल तिथे दुसरा प्रश्न विचारायचा: माणूस इथून तिथे गेला का, किंवा त्याची स्थिती बदलली का? नुसतं झोपणं, ‘हाट गेश्लाफन’. पण डोळा लागला, म्हणजे जागेपणाची झोप झाली, तर ‘इस्ट आइनगेश्लाफन’. नागोठण्याला डोळा लागून निडी स्टेशन कधी गेलं ते न कळलेल्यांना हा फरक समजवायला नको. उलट फसगत ‘करणे’, ‘मारणे’वाल्या जोड्यांची. त्याने उडी मारली, त्याने प्रवास केला, इथे ‘ने’ आहे, तरी जर्मन उडी मारणं आणि प्रवास करणं ‘झाइन’ घेतं. ‘ब्लाइबन’, म्हणजे थांबून राहणं, हलत नाही तरी ‘झाइन’वालं. ‘असणे’चंही तेच.

एक गंमत वाक्याच्या क्रमाची. ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’ आलं की मदतीचा तुकडा सगळ्यात शेवटी जातो: ‘वाइल इश् नाख रोहा गेफारन बिन’. कारण मी रोह्याला गेलो आहे. क्रम शब्दाला शब्द जुळतो. इंग्लिशवरून शिकणारा इथे धडपडतो, आपल्याला तो घरचाच वाटतो.

२०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून नर्सिंग, आयटीआय करणाऱ्यांच्या तोंडीही जर्मनचं नाव आहे. आणि क्लासमध्ये मराठी माध्यमवाले आजही मागच्या बाकावर, ‘आमचं इंग्लिश कच्चं’ म्हणत. या धड्यापुरतं तरी इंग्लिश कच्चं असलेलं बरं. तुमच्यातली एखादी उद्या तिकडच्या हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी संपवून पुढच्या नर्सला रिपोर्ट देईल: पेशंटने गोळी घेतली, पेशंट दोनला जागा झाला, बाथरूमकडे जाताना पडला. पहिल्याला ‘हाट’. जागा झाला, ‘इस्ट’. पडला, ‘इस्ट’. मनातल्या मनात मराठीत म्हणून बघायला तिला अर्धा सेकंदही लागणार नाही.