पेन घडवले, पण किंमत कोण सांगणार?

मे महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी दुधाची पिशवी घेऊन घराकडे येत होतो, तो आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर समोरून आले. पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाखाली तळहाताएवढा निळा डाग! मी तो पाहिला, मी पाहिला हे त्यांनीही पाहिले, आणि चटकन खिशावर हात ठेवून ते म्हणाले, "काही नाही हो, टोपण नीट लावायचे राहिले माझ्याकडूनच."

टोपण त्यांनी नीटच लावले असणार. पेन मी केलेले होते आणि त्याचे सहाशे रुपये त्यांनी पेन्शनमधून काढून माझ्या हातावर ठेवले होते. ते भांडले असते तर बरे वाटले असते.

मी तीस वर्षे कारखान्यात लेथवर काढली. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात, म्हणून मागच्या गॅलरीत एक छोटा लेथ मांडला आणि एबोनाइटची पेने करू लागलो. एबोनाइट म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून, तापवून कडक केलेले द्रव्य. लेथवर त्याचा किस निघू लागला की असा वास सुटतो की शेजारच्या नातवाने पहिल्या दिवशी "आजोबा, फटाके कुठे लावलेत?" म्हणून विचारले होते. हाताला मात्र ते ऊबदार लागते. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी याच द्रव्याची पेने घडवली आणि १९३५ साली गांधीजींनी त्यांना पत्राने पावती दिली, ही हकिकत वाचूनच मला हा नाद लागला.

नादाचा धंदा केव्हा झाला ते कळले नाही. आधी नातलगांनी पेने नेली, मग नातलगांच्या ओळखीच्यांनी. किंमत विचारली की मी दुसरीकडे पाहत "द्या सहाशे" म्हणायचो, आणि गिऱ्हाईक जरा थबकले की आपणच "पाचशे दिलेत तरी चालतील" म्हणून मोकळा! आपल्याकडे मध्यमवर्गीय माणसाला देणे चुकवायचे शिकवतात. मागायचे कोणी शिकवीत नाही.

मास्तरांचे पेन दुसऱ्या दिवशी मागून आणले आणि उघडून बसलो. माझी पहिली पेने थेट नळीत शाई भरायची होती. शाई पुष्कळ मावते, भाग कमी, खर्च कमी. परंतु शाई पाव नळी उरली की वरच्या तीन हिश्श्यांत हवा असते. ती हाताच्या उबेने किंवा उन्हाने तापते, फुगते, आणि शाईला निबच्या वाटेने बाहेर ढकलते. एबोनाइट जाड ठेवले तर ऊब आत उशिरा पोचते. मी दिसायला नाजूक म्हणून नळी पातळ केली होती. त्यातून मास्तर जेवून, पेन खिशात तसेच ठेवून, कुशीवर आडवे झाले होते. आट्यांना सिलिकॉनचे ग्रीस मी लावले नव्हते. आणि मुख्य म्हणजे निबच्या पोटाशी असते ती जीभ निबला चिकटून बसलेली नव्हती.

पेन म्हटले की लोक निब पाहतात, रंग पाहतात. जिभेकडे कोणी पाहत नाही. वास्तविक फाउंटन पेनची सारी करामत तिच्यात आहे. शाई खाली यायची तर तितकीच हवा वर जावी लागते. दोन्ही कामे जिभेवरच्या केसाएवढ्या खाचा करतात. अमेरिकेत १८८४ साली वॉटरमनने पेटंट घेतले ते या येण्याजाण्याच्या व्यवस्थेचेच. एबोनाइटची जीभ असेल तर गरम पाण्यात धरून, मऊ झाली की निबवर दाबून बसवावी लागते. जास्त दाबली तर शाई अडते, कमी दाबली तर गळते. मी नव्वद रुपयांना निब-जिभेची देशी जोडी आणत होतो आणि नुसती ठोकून बसवत होतो. जोडी वाईट नव्हती. तिला माझा आणखी एक तास हवा होता, तो मी दिला नव्हता.

जर्मनीत योवो आणि बॉक हे निब करणारे दोन मोठे कारखाने आहेत. त्यांची निब जीभ आणि धारकासह येते. पेनमध्ये आट्यांवर फिरवून बसवली की बहुधा लिहू लागते. मात्र दोघांचे आटे वेगवेगळे. एकासाठी पाडलेले दुसऱ्याला चालत नाहीत, हे ज्ञान मला चुकीचा टॅप विकत घेतल्यावर झाले. शिवाय शाई ओढून घेणारी छोटी पिचकारी, म्हणजे कन्व्हर्टर, बसवला की शाई नळीच्या भिंतीपासून दूर राहते आणि हवाही थोडीच असते. निब १४०० रुपये, कन्व्हर्टर ३००. सहाशेच्या पेनात हे बसवायचे कसे?

आमची ही दिवाळीत चकल्यांच्या ऑर्डरी घेते. त्या रात्री तिने माझी हिशेबाची वही मागितली. मी मांडले होते: एबोनाइटची कांडी २२०, निब-जीभ ९०, क्लिप ४०, खोके ५०, एकूण ४००. विक्री ६००, नफा २००. तिने विचारले, "अहो, पाच पेने केलीत तर विकायला किती निघतात?"

"चार. एक फुटते, नाही तर आटे बिघडतात."

"माझी चकली मोडली तर ती आपण घरी खातो, आणि तरी तिचे पीठ-तेल मी धड चकल्यांवर चढवते. तुमचे मोडलेले पेन कोण खाणार?"

मग तिने मांडले. पाच कांड्या ११००, चार पेनांचे बाकीचे भाग ७२०, खर्च १८२०. चार पेनांचे आले २४००. उरले ५८०, आणि माझे पाच पेनांचे पंचवीस तास. तासाला २३ रुपये. लेथच्या पात्यांना धार, वीज, मास्तरांसारखे परत आलेले पेन, यांचा अजून पत्ताच नव्हता. मी वही मिटली. तिने पुन्हा उघडली.

आता आमचा हिशेब असा आहे. साध्या पेनाचे भाग ४५०, कारण बरी क्लिप ८० रुपयांना घेतो आणि खोके ६० ला. मोडलेल्या कांडीचा वाटा ५५, हत्यारांची झीज १००, दुरुस्तीसाठी बाजूला १००, आणि सहा तास १५० रुपयांप्रमाणे ९००. एकूण १६०५. पाच रुपये मी सोडतो. त्यावरूनही घरात बोलणी बसतात. जर्मन निबच्या पेनाला तास पाचच लागतात, तरी ते ३०६५ वर जाते. हे एका दुकानात ठेवतो. दुकानदार शेकडा तीस घेतो, म्हणून तिथे किंमत ४४००. दुकानात ४४०० आणि घरी ३१०० असे केले तर तो पुन्हा दारात उभे करणार नाही, आणि त्याचे चुकले असेही म्हणता येणार नाही. म्हणून ते पेन घरून विकत नाही. घरून फक्त साधे. स्वस्त निबचे पेन करायला अधिक वेळ लागतो, हे गिऱ्हाइकाला पटवताना मात्र पंचाईत होते.

खोक्याच्या बाबतीत मी प्रथम हौस केली. वर पारदर्शक झाकण, आत लाल मखमल. दुकानदाराने ते काचेत मांडले. तिथे दुपारचे ऊन येत असे, आणि एबोनाइटला उजेड मानवत नाही हे मी त्याला सांगितलेच नव्हते. काही महिन्यांनी काळे पेन शेवाळी-तपकिरी होऊन परत आले. आता जाड पुठ्ठ्याचे बंद खोके वापरतो, आत पेन हलू नये एवढीच सुती कापडाची गादी. कुरियरने जाणाऱ्याला बाहेरून आणखी एक खोके. पेन कोरडे करूनच पाठवायचे. मी प्रत्येक पेन शाई भरून तपासतो, तेव्हा निबच्या फटीत निळसर रेघ राहते. "वापरलेले पाठवले" अशी तक्रार एकदा आली, तेव्हापासून तेही चिठ्ठीत लिहितो.

चिठ्ठी ही खोक्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाची वस्तू. शाई पाव नळीवर आली की पुन्हा भरावी, पेन खिशात उभे ठेवावे, पंधरवड्याने साध्या पाण्याने धुवावे, उन्हात ठेवू नये, इतकेच तिच्यात आहे. ती असती तर मास्तरांचा सदरा वाचला असता. बंद खोक्यात माल विकायचा तर वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे त्यावर करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. ही म्हणाली, "बरे झाले. आता सांगायला नको, नुसते बोट दाखवा."

मास्तरांना नवे पेन नेऊन दिले. जाड नळीचे, जीभ गरम पाण्यात बसवलेली. खोक्यावरचे १६०० पाहून त्यांनी खिशात हात घातला. वरच्या हजाराची काही केल्या ते सोडवणूक होऊ देईनात. शेवटी दुरुस्तीचे शंभर वहीत आधीच धरले आहेत आणि बाकीचे माझ्या चुकीचे, असे सांगितले तेव्हा थांबले. मग चष्मा लावून त्यांनी चिठ्ठी वाचली, नव्या पेनाने तिच्यातला 'स्वच्छ' हा शब्द दुरुस्त केला, आणि 'शाई'ची वेलांटीही दीर्घ करून दिली. पेन झकास चालले होते.

दोनशे चिठ्ठ्या छापून झाल्या होत्या.