आठवीनंतर शाळा सुटू नये

बोळिंजमध्ये म्हाडाच्या उंच इमारती उभ्या राहिल्या, पण आसपास भाड्याच्या खोलीत रोजंदारीवर संसार चालवणारी कुटुंबेही आहेत. शिक्षण हक्क कायद्याची मोफत शिक्षणाची हमी 6 ते 14 वर्षे, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. नववीपासून फी, शिकवणी, प्रवास यांचा खर्च वाढतो. मग मुलगा कामाला लागतो, मुलगी घरी बसते आणि आपण म्हणतो, ‘अभ्यासात लक्षच नव्हते.’ मुस्लिम समाजातील 6 ते 14 वयाची 25 टक्के मुले शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मध्येच गळाली, हे सच्चर समितीने 2006 मध्येच सांगितले होते.

यावर एक उपाय हाताशी आहे. सरकारी व अनुदानित शाळांतील आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा असते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. अर्ज शाळेमार्फत भरला जातो.

आम्हाला वाटते, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीत या परीक्षेची माहिती द्यावी. मोहल्ल्यातील कॉलेजच्या मुलामुलींनी तयारी करून घ्यावी. ‘इक्रा’ म्हणजे वाच, हा पहिला हुकूम आपल्या लेकरांसाठीही आहे.