शरणागतीचं आडनाव

इतिहासाचं पुस्तक हातात आलं की मी मागची सूची आधी वाचतो. तुर्कस्तानवरच्या पुस्तकांची सूची तर कादंबरीसारखी वाचावी. तिथल्या इतिहासकारांची एक रीत आहे. १९३४ पूर्वीच्या माणसाबद्दल लिहायचं तर त्याचं पुढे मिळालेलं आडनाव ते कंसात टाकतात. मुस्तफा केमाल (अतातुर्क), इस्मत (इनोनू), नुरी (जोंकर). म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या खंदकात बसलेली ही माणसं सूचीत अशी आडनावं मिरवतात, जी त्यांना आणखी वीस वर्षं मिळायची नाहीत. अशाच एका सूचीत दोन नावं माझ्या डोळ्यांत भरली ती कायमची: हलील (कुत) आणि अली इहसान (साबिस). ही दोन्ही आडनावं मेसोपोटेमियातल्या जागांची आहेत आणि दोन्हींच्या पोटात पुण्याचं नाव आहे.

या आडनावांमागचा कायदा बहुतेकांना माहीत असतो, म्हणून थोडक्यात. जून १९३४ मध्ये अंकाऱ्याच्या संसदेने आडनावाचा कायदा केला. तो २ जानेवारी १९३५ पासून लागू झाला आणि आडनाव नोंदवायला जुलै १९३६ पर्यंत मुदत मिळाली. पाशा, बे, एफेंदी या पदव्या १९३४ च्या नोव्हेंबरात वेगळा कायदा करून मोडीत काढल्या. हुद्द्याची, टोळीची, परक्या वंशाची आणि हास्यास्पद आडनावं घ्यायला बंदी होती. पाठोपाठ आलेल्या नियमांनी आर्मेनियन ‘यान’, ग्रीक ‘पुलोस’, स्लाव्ह ‘ओफ’ आणि ‘विच’ असे शेपूट असलेली नावं हद्दपार केली. राष्ट्र घडवण्याच्या नावाखाली अल्पसंख्याकांच्या नावांची केलेली ही छाटणीच होती. ‘सुधारणा’ म्हणून तिचं कौतुक करणाऱ्यांनी नियमांचा हा भाग वाचलेला नसतो.

एखाद्या देशाला एकदम आडनावं निवडायला सांगितली तर काय होईल? प्रत्येकजण शूर होतो. यिलमाझ म्हणजे न डगमगणारा. काया म्हणजे खडक, देमिर म्हणजे लोखंड. ही आज तुर्कस्तानातली सर्वांत जास्त आढळणारी आडनावं आहेत. विनोदी लेखक अझीझ नेसिन यांनी या हौसेची भरपूर टर उडवली आहे. जगातला महाकंजूष ‘सढळ हाताचा’ झाला, भित्रा ‘काळजाचा’ झाला, असं ते सांगतात आणि स्वतः मात्र ‘नेसिन’, म्हणजे ‘तू कोण?’ असं आडनाव घेऊन मोकळे होतात. अख्ख्या कायद्यावरचं हे सर्वांत चोख भाष्य आहे.

सेनापतींना शौर्याची विशेषणं शोधायची गरज नव्हती, त्यांच्यापाशी रणांगणं होती. इस्मत पाशांना अतातुर्कनी इनोनू हे नाव दिलं, ते १९२१ मध्ये एस्किशेहिरजवळ ग्रीकांना अडवलं त्या जागेचं. बालमित्र नुरीला दिलेलं जोंकर हे गॅलिपोलीतल्या जोंकबायिर टेकडीवरून आलं. इनोनू आणि जोंकबायिर आजही तुर्कस्तानातच आहेत. हलील पाशांनी मात्र कुत घेतलं. १९३४ मध्ये ते गाव इराक नावाच्या दुसऱ्याच देशात होतं.

इंग्रजी पुस्तकं वाचणाऱ्यांना ते कूट-अल-अमारा म्हणून ओळखीचं असेल. टायग्रिसच्या एका वळणात, तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेलं धुळकट गाव. १९१५ च्या शेवटी बगदाद घ्यायला निघालेली ब्रिटिशांची हिंदी फौज तेसिफोनला मार खाऊन इथवर मागे हटली आणि अडकली. तिचं अधिकृत नाव होतं सहावी (पुणे) डिव्हिजन. सेनापती जनरल टाउनशेंड. तिच्यात १०३वी मराठा लाइट इन्फंट्री होती, म्हणजे आपली ‘जंगी पलटण’. ११०वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७वी मराठा या पलटणी होत्या, खडकीच्या सॅपर्सची कंपनी होती. सोबत पंजाबी, रजपूत, गुरखे आणि इंग्लंडच्या पलटणीही. कोकणातली आणि साताऱ्याकडची पोरं टायग्रिसच्या चिखलात जवळजवळ पाच महिने कोंडली गेली.

वेढ्याची हकिगत अनेकांनी लिहिली आहे. सोडवायला आलेल्या फौजेने सुमारे २३ हजार माणसं गमावली, ती आतल्या माणसांच्या दीडपटीहून अधिक. विमानातून पिठाच्या गोणी टाकल्या गेल्या. इतिहासातला हा असा पहिलाच मोठा प्रयत्न, आणि काही गोणी नदीत पडल्या. घोड्याचं मांस खायला हिंदी शिपाई तयार होईनात, तेव्हा हिंदुस्थानातून धर्मगुरूंचे परवानगीचे निरोप मागवले गेले. त्यानंतरही कित्येकांनी हात लावला नाही. इंग्रज लेखक या नकाराकडे हट्ट म्हणून बघतात. गावी परतल्यावर पंगतीत कोण बसू देईल, ही त्या शिपायाची धास्ती त्यांच्यापैकी फार थोड्यांना उमगली.

शेवटच्या दिवसांत, कोंडलेली फौज सोडून द्यावी म्हणून, वेढा घालणाऱ्या तुर्की सैन्याचा सेनापती हलीलला लाच देऊ करण्यात आली. आधी दहा लाख पौंड, मग वीस लाख. बोलणी करायला पाठवलेल्या तिघांत पुढे ‘अरेबियाचा लॉरेन्स’ म्हणून गाजलेला तरुण अधिकारी होता. हलील हा युद्धमंत्री एन्व्हरचा काका, पण वयाने जवळपास त्याच्याएवढाच. ही नेमणूक नात्यातून झाली असं कुजबुजणाऱ्यांना त्याने लाच नाकारून उत्तर दिलं. २९ एप्रिल १९१६ रोजी टाउनशेंडने शस्त्रं खाली ठेवली. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. ब्रिटिश साम्राज्याच्या फौजेची एवढी मानहानी बऱ्याच काळात झाली नव्हती. हलीलने सैन्याला उद्देशून आज्ञापत्र काढलं आणि हा दिवस ‘कुतचा सण’ म्हणून जाहीर केला.

टाउनशेंडचा स्पॉट नावाचा कुत्रा होता. हलीलने त्याला सन्मानाने नदीवाटे ब्रिटिशांकडे परत पाठवलं. खुद्द टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना मिळालं वाळवंट. बगदाद, मोसुल आणि तिथून रास-अल-ऐन अशी पायपीट त्यांनी केली आणि पुढे बगदाद रेल्वेच्या कामावर राबले. ब्रिटिश शिपायांपैकी दोनतृतीयांश कैदेत मेले. हिंदी कैद्यांपैकी किमान अडीच हजार.

या पायपिटीची इंग्रजी वर्णनं पुष्कळ आहेत. मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो एक बंगाली दस्तऐवज. बंगाल अँब्युलन्स कोअरमधला शिशिर सर्वाधिकारी कुतमध्ये कैद झाला. तो रोजनिशी लिहायचा. शरणागतीनंतर त्याने पानं फाडून बुटांत लपवली, नदी ओलांडताना ती भिजली, आणि रास-अल-ऐनला त्याने ती पुन्हा उतरून काढली. त्यातून उभं राहिलेलं पुस्तक म्हणजे ‘अभि ले बगदाद’. बुटात कोंबलेल्या त्या पानांत सेनापतींचे डावपेच नाहीत. भूक, हगवण, दयाळू आणि निर्दय तुर्क, आणि वाटेवर भेटलेले निर्वासित आर्मेनियन आहेत. एका गुलाम देशाचा माणूस दुसऱ्या एका समाजाच्या कत्तलीचा साक्षीदार होतो, आणि ते ओळखण्याइतका तो शहाणा आहे.

त्याच वाळवंटाबद्दल हलीलनेही लिहिलं. त्याच्या आठवणी १९७२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, ‘बित्मेयेन साव्हाश’ या नावाने छापल्या गेल्या. त्यांत आर्मेनियन लोकांचा शेवटच्या माणसापर्यंत नायनाट करण्याचा आपण प्रयत्न केला, हे तो कसलाही पडदा न ठेवता सांगतो. लाच नाकारणारा, शत्रूच्या कुत्र्याला जपणारा शूर सेनापती आणि हा माणूस एकच. कुतच्या विजयाचे पोवाडे गाणाऱ्यांनी दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचावीत.

आता अली इहसान. सोडवायला आलेल्या ब्रिटिशांना मार्च १९१६ मध्ये ज्या लढाईत त्याने मागे रेटलं, तिला इंग्रज दुजैला म्हणतात आणि तुर्क साबिस. तिथे वेढा फुटला असता तर शरणागती झालीच नसती. म्हणजे एकाने दार लावून धरलं आणि दुसऱ्याने आतल्यांना पकडलं, आणि आडनावंही नेमकी तशीच वाटली गेली. दोघांचं पुढे जमलं नाही. कुतनंतर अली इहसानची फौज रशियनांशी लढायला इराणात धाडली गेली. ती हमादानच्या बाजूला असतानाच ब्रिटिश जनरल मॉडने फेब्रुवारी १९१७ मध्ये कुत परत घेतलं आणि ११ मार्चला बगदाद. सहाव्या सैन्याचा सेनापती तेव्हा हलीलच होता. ज्या गावाचं आडनाव त्याने आयुष्यभर लावलं, ते गाव त्याच्याकडे पुरते दहा महिनेही राहिलं नव्हतं. माझं मत अली इहसानच्या बाजूला झुकतं. कुत उपासमारीने पडलं, साबिस लढून राखलं गेलं.

अली इहसानला भांडणाचंही अंग होतं. युद्धानंतर ब्रिटिशांनी त्याला माल्टाला डांबलं. तिथून निसटून तो तुर्की स्वातंत्र्ययुद्धात आला, पहिल्या सैन्याचा सेनापती झाला, आणि आघाडीप्रमुख इस्मतशी खटका उडून १९२२ मध्ये, अंतिम विजयाच्या तोंडावर, बाजूला फेकला गेला. तो इस्मत पुढे इनोनू झाला, राष्ट्राध्यक्षही झाला. साबिसने वर्षानुवर्षं त्याच्याशी वैर धरलं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यापायी तुरुंगही पाहिला, आणि १९५४ मध्ये इनोनूच्या विरोधातल्या, तेव्हा सत्तेवर असलेल्या डेमोक्रॅट पक्षाकडून संसदेत पोचला. दोन रणांगणांची नावं लावलेले दोन म्हातारे तीस वर्षं एकमेकांशी लढत होते.

हलीलची गत आणखी वेगळी. अंकाऱ्याच्या नव्या राजवटीला एन्व्हरच्या माणसांचा भरवसा नव्हता. १९२० मध्ये मॉस्कोहून मिळालेलं सोनं अनातोलियात पोचवण्याचं काम त्याने केलं, तरी सेनेत जागा मिळाली नाही. १९३४ मध्ये त्याच्याकडे पद नव्हतं, पदवी कायद्याने काढून घेतली होती. हाती राहिला होता एक दिवस, २९ एप्रिल १९१६. तो त्याने आडनावात घातला. त्याच घरातल्या पुतण्याने, एन्व्हरचा धाकटा भाऊ नुरी पाशाने, किल्लिगिल असं वेगळंच आडनाव घेतलं. त्याचा संबंध डॅन्यूबच्या मुखाशी असलेल्या किली या पूर्वजांच्या गावाशी जोडतात. काका लढाईच्या गावाचा, पुतण्या पूर्वजांच्या गावाचा. एका घरात अशी दोन आडनावं होणं त्या दोन वर्षांत तिथे मुळीच दुर्मीळ नव्हतं.

म्हणूनच तुर्की आडनावाच्या नकाशावरून कूळ शोधायला जाणाऱ्याची फसगत ठरलेली. ‘कुत’ हा जुन्या तुर्कीतला दैवी कृपेचा, भाग्याचा शब्दही आहे. अकराव्या शतकातल्या ‘कुतादगु बिलिग’ या ग्रंथाच्या नावातच तो आहे. त्यामुळे हलीलशी काडीचाही संबंध नसलेल्या अनातोलियातल्या कुटुंबालाही ते आडनाव सहज घेता आलं. ‘ओग्लू’ शेपटाची आडनावं काळ्या समुद्राच्या काठी दाट सापडतात, एवढं ढोबळपणे खरं.  नावांच्या बाबतीत सर्वांत वाईट अनुभव बल्गेरियातल्या तुर्कांचा. १९८४-८५ च्या हिवाळ्यात तिथल्या सरकारने त्यांची नावं सक्तीने स्लाव्ह केली. वजन उचलणाऱ्या नईम सुलेमानोग्लूचा ‘नाउम शालामानोव’ झाला. तो १९८६ मध्ये मेलबर्नहून पळाला आणि १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानसाठी सुवर्ण घेऊन गेला. १९३४ मध्ये अंकाऱ्याने ‘ओफ’ छाटलं, पन्नास वर्षांनी सोफियाने ते चिकटवलं.

हलील कुत आणि अली इहसान साबिस दोघंही १९५७ मध्ये गेले. दीर्घ काळ कुतची आठवण फिकी पडली होती. शताब्दीला, २९ एप्रिल २०१६ रोजी, राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांच्या उपस्थितीत इस्तंबूलला सोहळा झाला आणि दोनच वर्षांत सरकारी दूरदर्शनवर कुतवरची मालिकाही आली. विसरलेला विजय राजकारणाला नेहमीच जास्त उपयोगी पडतो, कारण त्याचे तपशील कुणाला आठवत नसतात.

आणि हरलेल्यांचं काय? मेसोपोटेमियात ज्यांचा ठावठिकाणा राहिला नाही, अशा ४० हजारांहून अधिक माणसांचं स्मारक बसऱ्याला आहे. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते नाझिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात हलवलं गेलं. ब्रिटिश शिपायांची नावं त्यावर कोरली आहेत. हिंदी शिपायांची नाहीत. पलटणीचं नाव आणि खाली आकडा. आडनावं असलेल्या माणसांना एक आकडा दिला. ही वागणूक भेदभावाची होती, असं राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या चौकशी अहवालाने २०२१ मध्ये मान्य केलं.

आयोगाच्या नोंदींत मात्र नावं आहेत, आणि त्या आता संगणकावर कुणालाही पाहता येतात. पलटणीच्या नावाने शोधता येतं. कित्येक नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही दिलेला असतो, फक्त इंग्रजी कारकुनाच्या स्पेलिंगची सवय करावी लागते. तुमचं गाव साताऱ्याकडचं, कोल्हापूरचं किंवा रत्नागिरीचं असेल, आणि ‘या गावातून इतके लोक महायुद्धास गेले’ असा दगड चावडीत बसवलेला असेल, तर १०३, ११० आणि ११७ हे तीन आकडे लक्षात ठेवा आणि एकदा तिथे शोधून बघा. घरातल्या ट्रंकेत पदक किंवा पत्र सापडलं तर ते मोडीत घालू नका. गावाच्या नावासह त्याचा फोटो काढून जिल्ह्याच्या इतिहास संशोधन मंडळाकडे पाठवा.