तीस दिवसांची कादंबरी आणि लेखनाचे नवे साधन

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९९९ च्या जुलै महिन्यात ख्रिस बॅटी व त्यांचे स्नेही असे २१ जण महिन्याभरात प्रत्येकी एक कादंबरी लिहिण्याचा संकल्प करून बसले. त्यांपैकी सहा जणांनी तो तडीस नेला. पुढील वर्षापासून हा उपक्रम नोव्हेंबरात होऊ लागला आणि ‘नॅनोरायमो’ या संक्षिप्त नावाने जगभर पसरला. तो चालविणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली. तथापि तीस दिवसांत पन्नास हजार शब्द हे तिने घालून दिलेले माप पुढे ठेवून आपापल्या परीने कोणालाही लिहिता येते.

या मापानुसार रोज सुमारे १,६६७ शब्द लिहावे लागतात. (मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दालाच जोडले जात असल्यामुळे इंग्रजीतील तीन शब्दांचे काम ‘घरात’ हा एकच शब्द करतो. तेव्हा मराठी लेखकाला हे माप अधिकच जड जाणार हे उघड आहे.) उपक्रमाचा मुख्य दंडक असा, की महिना संपेपर्यंत लिहिलेले सुधारीत बसू नये.

अशा वेळी पुष्कळ नवशिके कादंबरी-लेखनासाठी मुद्दाम तयार केलेली संगणकीय आज्ञावली हाती घेतात. सायमन हेन्स या ऑस्ट्रेलियन लेखकाची ‘वायरायटर’ त्यांपैकीच एक. अधिक प्रसिद्ध आहे ती ‘स्क्रिव्हनर’, म्हणजे लेखनिक. तिचे कर्ते कीथ ब्लाउंट हे इंग्लंडमधील. त्यांना कादंबरी लिहावयाची होती. मनाजोगे साधन मिळेना म्हणून ते प्रोग्रामिंग शिकले आणि २००७ मध्ये ही आज्ञावली त्यांनी बाजारात आणली. लेखनाच्या साधनाचा शोध लेखकाला कोठवर नेऊ शकतो याचे हे बोलके उदाहरण होय!

साधारण वर्ड प्रोसेसरमध्ये मजकूर एका लांबच लांब कागदासारखा असतो. स्क्रिव्हनरमध्ये मात्र प्रत्येक प्रसंग हा स्वतंत्र तुकडा असतो. डाव्या बाजूच्या ‘बाइंडर’ नावाच्या यादीत हे तुकडे दिसतात व माउसने उचलून वरखाली हलविता येतात. ‘कॉर्कबोर्ड’वर तेच तुकडे टाचणीने लावलेल्या पत्त्यांसारखे मांडले जातात. ही कल्पना जुनीच आहे. व्लादिमिर नाबोकोव्ह आपल्या कादंबऱ्या पत्त्यांवर लिहीत. त्यांची अपुरी राहिलेली शेवटची कादंबरी अशा १३८ पत्त्यांच्या रूपाने मागे उरली व २००९ मध्ये प्रसिद्ध झाली.

नवशिक्याची अडचण येथूनच सुरू होते. उपक्रम म्हणतो, पुढे चला. साधन म्हणते, जरा मांडून पाहा. पत्त्यांना रंग द्यावेत, पात्रांची टिपणे निराळ्या कप्प्यात ठेवावीत, पानाचे रूप बदलावे, असे करता करता दिवस सरतो आणि काम केल्याचे समाधानही मिळते. शब्द मात्र वाढत नाहीत. या खटाटोपात पहिले पाच दिवस गेले, तर उरलेल्या पंचवीस दिवसांत रोज २,००० शब्द लिहिणे भाग पडते. आठवडा गेला, तर हाच आकडा २,१७४ वर जातो. नोकरी व घर सांभाळून लिहिणाऱ्यास हा फरक फार मोठा आहे. कित्येकांची कादंबरी येथेच थांबते.

म्हणून आरंभी शिकावयाचे ते अगदी थोडे. नवा तुकडा उघडणे, त्यास नाव देणे आणि रोजच्या शब्दांचे उद्दिष्ट नोंदविणे एवढे पुरे. टंकन क्षणभर थांबताच मजकूर आपोआप साठविला जातो. तरीही त्याची एक प्रत संगणकाबाहेर ठेवणे शहाणपणाचे. सुचलेला प्रसंग मधलाच असला तरी तो लिहून टाकावा, त्याची जागा मागाहून ठरविता येते.

हात बसविण्याचे काम ऑक्टोबरातच एखाद्या जुन्या कथेवर उरकून घ्यावे, हे बरे. परंतु येथे एक हिशेब ध्यानात ठेवावा लागतो. विकत न घेता स्क्रिव्हनर तीस दिवस वापरून पाहता येते आणि ज्या दिवशी ती उघडली तेवढेच दिवस मोजले जातात. ऑक्टोबरात पाच दिवस खर्ची पडले व पुढे रोज लेखन झाले, तर २५ नोव्हेंबरला ही मुदत संपते. तोपर्यंत आज्ञावली विकत घ्यावी, नाहीतर मजकूर दुसऱ्या स्वरूपात काढून घ्यावा.

सर्व तुकड्यांचे एकसंध हस्तलिखित बनविणारी ‘कम्पाइल’ ही क्रिया सर्वांत किचकट. नोव्हेंबरात तिच्या वाटेस जाण्याचे कारण नाही. ‘स्नॅपशॉट’चेही तसेच. बदल करण्यापूर्वी तुकड्याचे जुने रूप ती जपून ठेवते, पण बदल करण्याची वेळ डिसेंबरात येते. या उपक्रमात जन्मलेली एरिन मॉर्गनस्टर्न यांची ‘द नाइट सर्कस’ ही कादंबरी अनेक वर्षांच्या पुनर्लेखनानंतर २०११ मध्ये प्रकाशित झाली. प्रसंगांची उलथापालथ, गाळणी व जुळणी या कामांसाठी बाइंडर आणि कॉर्कबोर्ड यांचा खरा उपयोग त्या दुसऱ्या टप्प्यातच होतो, आणि तेव्हा ते शिकावयास तीस दिवसांची अटही नसते.