🌱 *पासवर्ड दोनदा का मागतात? अन् जुळत का नाही?*



ॲग्रिस्टॅकवर फार्मर आयडीसाठी नवीन खातं उघडताना पासवर्ड टाकला की खाली पुन्हा तोच टाकायला सांगतात. ‘जुळत नाही’ असा लाल मेसेज आला की बरेच जण फॉर्म सोडून देतात. सोडू नका.

टाइप करताना नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे बोट चुकलं तरी कळत नाही. तीच चूक दोनदा सहसा होत नाही, म्हणून दुसरा रकाना.

*जुळत नसेल तर बघा:*
▪️ एका ठिकाणी कॅपिटल, दुसरीकडे लहान अक्षर? मशीनला ती दोन वेगळी अक्षरं.
▪️ शेवटी स्पेस पडली का? ती दिसत नाही, पण मोजली जाते.
▪️ कीबोर्ड मराठीवर होता का? मराठी ५ आणि इंग्रजी पाच वेगळे धरतात.
▪️ वरचा पासवर्ड बदलला असेल तर खालचाही पुसून नव्याने लिहा.

रकान्याच्या कडेला डोळ्याचं चिन्ह असेल तर दाबा, पासवर्ड दिसतो. आजूबाजूला कोणी नाही ना, तेवढं बघून.

वरचं कॉपी करून खाली पेस्ट करू नका. चूकही जशीच्या तशी खाली उतरते, मशीन ‘बरोबर’ म्हणतं, आणि पुढच्या वेळी लॉगिन होत नाही. पासवर्डचं एक बरं आहे, ‘पासवर्ड विसरलो’ दाबून नवीन करता येतो.

*खरी काळजी बँक खात्याची.* पीक विम्याच्या फॉर्मवर खाते क्रमांकही दोनदा लिहावा लागतो. दोन्ही रकाने जुळले म्हणजे नंबर तुमचाच, असं नाही. दोनदा सारखं लिहिलं एवढंच मशीनला कळतं. जुन्या पासबुकावरून चुकीचा नंबर दोनदा उतरवला तरी फॉर्म पुढे जातो, अन् भरपाई अडकते. म्हणून दुसऱ्या वेळी वरच्या रकान्याकडे न बघता थेट पासबुकातून लिहा. घरातल्या पोराने एकेक आकडा वाचावा, तुम्ही टाकावा. आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो, त्यातलं पाचवं *शून्य* असतं, इंग्रजी ‘ओ’ नव्हे. इथे फार जण फसतात.

सेंटरवर फॉर्म भरत असाल तर भाऊ-ताई, पासवर्ड स्वतः टाका आणि घरच्या वहीत लिहून ठेवा. पावती घेतली की खाते क्रमांक तिथेच उभं राहून तपासा.

अडलं तर लाल मेसेजचा स्क्रीनशॉट आम्हाला पाठवा. पासवर्ड, खाते क्रमांक, आधार झाकून. ओटीपी कोणालाच नाही, आम्हालाही नाही.

– कृषी सल्ला, आपली शेतकरी उत्पादक कंपनी