डोंगरीचा काळा दगड आणि न्हाणीतला पिवळा वायू

विजेरीचा जुना सेल फोडला की हात काळे करणारी भुकटी सांडते. ती मुख्यतः मँगनीज डायऑक्साइडची, आणि सेलसाठी लागणारं हे खनिज निघतं आपल्या भंडाऱ्यात, तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून. असल्याच काळ्या दगडावर १७७४ साली कार्ल विल्हेल्म शेले या स्वीडनच्या औषधविक्याने मिठापासून काढलेलं आम्ल ओतलं, आणि हिरवट-पिवळा, जीव घुसमटवणारा वायू वर आला. पुढे १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने ते मूलद्रव्य असल्याचं दाखवून त्याला नाव दिलं, क्लोरीन.

शेलेचं ते आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक. संडास घासायच्या बहुतेक बाटल्यांत आज तेच असतं. काळ्या दगडाचं काम करणारी वस्तूही शेजारच्याच फळीवर सापडते: ब्लीच, किंवा गावच्या विहिरीत पडते ती टीसीएल पावडर. दोन्ही आपापल्या जागी गुणी. ब्लीचमध्ये क्लोरीन अल्कलीच्या कुलपात असतो. आम्ल पडलं की कुलूप निघतं. ‘डाग लवकर जावा’ म्हणून दोन्ही एकदम ओतणारी बाई अडीचशे वर्षांपूर्वीचा तो प्रयोग नकळत पुन्हा करत असते, तोही खिडकी नसलेल्या न्हाणीत. बरं, क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड. तो खाली साचतो, आणि उकिडवं बसून फरशी घासणाऱ्याचं नाक नेमकं तिथेच!

ही बाई दोन जिवांची असेल, तर तिच्या श्वासाची गोष्ट आणखी नवलाची आहे. दिवस गेले की प्रोजेस्टेरॉन मेंदूतल्या श्वासकेंद्राला हळवं करतं. श्वासांची संख्या फारशी वाढत नाही, पण एकेक श्वास खोल होतो; दर मिनिटाला छातीत जाणारी हवा तीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते. कशासाठी? आईच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी व्हावा म्हणून. तो कमी झाला की बाळाच्या रक्तातला तोच वायू उताराने पाणी वाहावं तसा आईकडे येतो. बाळ फुप्फुसं न वापरता ‘उच्छ्वास’ सोडतं ते असं. मात्र याच सोयीमुळे न्हाणीतली वाईट हवाही आईच्या आत जास्त जाते.

क्लोरीन थेट बाळापर्यंत पोचत नाही. नाक, घसा आणि फुप्फुसांच्या ओल्या अस्तरावरच त्याचं आम्ल होतं आणि ते भाजतं. पण आईचा प्राणवायू घटला की बाळाचाही घटतो, धोका तिथे आहे. म्हणून एका वेळी एकच बाटली, दार उघडं, हातात रबरी मोजे. पहिली बाटली वापरून भरपूर पाणी ओतल्याशिवाय दुसरी काढायची नाही. आम्लाचं काम या महिन्यांत घरातल्या दुसऱ्याने केलं तर काही बिघडत नाही (नवऱ्यालाही हात असतात). फिनाईलच्या वासाने मळमळत असेल तर साबणाच्या पाण्याने फरशी तितकीच स्वच्छ निघते. चुकून मिसळलंच तर त्यावर आणखी काही ओतत बसू नये. बाहेर मोकळ्या हवेत यावं, आणि खोकला किंवा धाप थांबेना तर १०८ ला फोन करावा.

भंडाऱ्याची पितळी भांडी मात्र बिनघोर घासावीत. चिंचेतलं टार्टारिक आम्ल पितळेवरचा काळा थर विरघळवतं, आणि लोटा पुन्हा पिवळाधम्मक होतो. पण चिंच झाली तरी आम्लच. त्याच घमेल्यात ‘पांढरं व्हावं’ म्हणून कुणी टीसीएल टाकली, तर शेलेचा वायू तिथूनही निघेल. भांडी धुऊन उन्हात पालथी घालावीत, घमेलं विसळावं, आणि टीसीएलचा डबा तोवर उघडूच नये.