आधी शब्द, मग चाल

छापील कवितेला स्वतंत्र चाल लावायची आणि ती घरोघर पोचवायची, हा उद्योग व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडात भरभराटीला आला. टेनिसनच्या 'मॉड' या दीर्घकाव्यातील एका गीताला मायकल बाल्फने १८५७ साली संगीत दिले. अ‍ॅडलेड प्रॉक्टरची 'अ लॉस्ट कॉर्ड' ही कविता आर्थर सलिव्हनने १८७७ मध्ये स्वरबद्ध केली. कवयित्री तेव्हा हयात नव्हती. ही गाणी विकली जात ती स्वरलिपीच्या छापील पानांवर, कारण मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात पियानो आला होता.

आपल्याकडे याच काळात नेमके उलटे चालले होते. ओवी, साकी, दिंडी यांच्या चाली ठरलेल्याच होत्या. रचना वृत्तात बसली की चाल आपोआप मिळे. १८८० च्या 'संगीत शाकुंतल'पासून नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून एखाद्या प्रचलित गाण्याचा निर्देश छापलेला दिसतो. म्हणजे चाल आधी आणि शब्द मागाहून. एखाद्या कवितेचा भाव ओळखून तिच्यासाठीच नवी चाल बांधावी, ही कल्पना मराठीत रुजायला विसावे शतक उजाडावे लागले.

त्याची पूर्वतयारी कवींनीच केली. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील यशवंत, गिरीश आपल्या कविता सभांतून गाऊन म्हणत. पुढचे पाऊल ग्रामोफोनने टाकले. मेहकरचे ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता गो. ना. जोशी यांनी तिशीच्या दशकाच्या आरंभी ध्वनिमुद्रित केली आणि ती महाराष्ट्रभर गेली. देशपांड्यांचा 'शीळ' हा पहिला संग्रह मात्र निघाला १९५४ साली! कवीचे पुस्तक यायच्या वीस वर्षे आधी त्याची कविता लोकांच्या ओठी होती. इंग्लंडात जे काम स्वरलिपीच्या कागदाने केले, ते इथे तबकडीने केले.

तबकडीची स्वतःची शिस्त होती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावे. त्यामुळे लांब कवितेतली कडवी निवडावी लागत. कोणते ठेवायचे, कोणते गाळायचे, ध्रुवपद कोणत्या ओळीचे करायचे, हे ठरवताना संगीतकार नकळत त्या कवितेचा पहिला समीक्षक होई. गजाननराव वाटव्यांनी कवितेचा शब्द न् शब्द श्रोत्याला कळला पाहिजे, हे पथ्य आपल्या गायनात पाळले. पुढे यशवंत देवांनी याच विचाराला 'शब्दप्रधान गायकी' असे नाव देऊन पुस्तकच लिहिले.

भा. रा. तांबे १९४१ मध्ये वारले. त्यांचे 'रिकामे मधुघट' वसंत प्रभूंच्या चालीत लता मंगेशकरांनी गायले ते त्यानंतर. प्रॉक्टरच्या नशिबी आले तेच तांब्यांच्याही आले. गिरगावच्या वाचनालयात तांबे वाचणारा वाचक आणि आमच्या परळ-भोईवाड्याच्या चाळीत रेडिओवर तांबे ऐकणारा गिरणी कामगार, यांच्यातले अंतर त्या चालीने कमी केले. ज्याने कवितेचे पुस्तक कधी उघडले नाही, त्यालाही कविता पाठ झाली.

याची किंमतही मोजावी लागली. आज ती कविता चालीवाचून वाचायला घ्या. डोळे ओळीवर असतात आणि कान लताबाईंकडे. दुसऱ्या लयीत ती वाचताच येत नाही. गाळलेली कडवी तर बहुतेकांना परकीच वाटतात. शिवाय आकाशवाणीचे निवेदक गायकाबरोबर कवीचे आणि संगीतकाराचे नाव आवर्जून घेत. आजच्या मोबाइलच्या पडद्यावर अनेकदा गायकच तेवढा उरतो. शब्द आधी आले होते, याचा मग विसर पडतो.

म्हणून भावगीताच्या अभ्यासकाने एक साधी गोष्ट करावी. गाणे ऐकून झाले की मूळ संग्रह उघडावा आणि न गायलेली कडवी मोठ्याने वाचावीत. संगीतकाराने काय दिले आणि काय मागे ठेवले, याचा हिशेब तिथेच लागतो.